लेबलवरचा आकडा आणि घाटमाथ्यावरचा पाऊस

मृग लागला की ट्रेकवाल्यांची खरेदी सुरू होते आणि गणपतीपर्यंत त्यातल्या बऱ्याच वस्तू 'पैसे पाण्यात गेले' म्हणून माळ्यावर पडतात. शिव्या दुकानदाराला बसतात. वस्तू सहसा फसवी नसते. तिच्यावरचा आकडा नेमकं काय मोजतो, एवढंच कुणी विचारलेलं नसतं.

सगळ्यात जास्त बोंब महागड्या जॅकेटची. लेबलवर '१०,००० मिमी वॉटरप्रूफ' आणि दोन तासांत आतला टी-शर्ट चिंब! या मिलिमीटरचा पावसाच्या मिलिमीटरशी काहीएक संबंध नाही. कापडावर पाण्याचा दाब वाढवत नेतात आणि थेंब पाझरू लागले की तो दाब किती उंच पाण्याच्या स्तंभाएवढा होता ते नोंदवतात. १० मीटर उंचीच्या पाण्याचा भार सोसणारं कापड पावसाला सहसा दाद देत नाही. अंग भिजतं ते घामानं.

'पण ते ब्रीदेबल आहे ना?' आहे. १९६९मध्ये बॉब गोर यांनी पीटीएफई हा टेफ्लॉनचा पदार्थ झटक्यात ताणला आणि त्यातून गोर-टेक्सचा सच्छिद्र पडदा जन्मला. छिद्रं अशी, की पाण्याचा थेंब आत येत नाही, वाफ मात्र बाहेर जाते. फक्त तिला बाहेर जायला कारण लागतं. आतली हवा उबदार-दमट आणि बाहेरची थंड-कोरडी असेल तर ती भराभर जाते. जुलैत हरिश्चंद्रगडावर बाहेरची हवाच वाफेनं गच्च असते. मग घाम जाणार कुठे? त्यात सॅकच्या पट्ट्यांनी घासून आणि चिखलानं मळून जॅकेटच्या बाहेरचा पाणी झटकणारा लेप निकामी होतो, वरचं कापड पाणी पितं आणि उरलासुरला रस्ताही बंद होतो. (जॅकेट धुवायचं नाही, हा आणखी एक गैरसमज. लेबलवर सांगितल्याप्रमाणे धुऊन हलकी ऊब दिली, तर लेप बराचसा पुन्हा जागा होतो.)

आपल्याकडे याचं उत्तर जुनं आहे. लावणीला वाकलेल्या बाईच्या पाठीवरचं इरलं डोकं आणि पाठ झाकतं, पुढून सताड उघडं राहतं. सैल पॉन्चो किंवा काखेत चेन असलेलं साधं जॅकेट त्याच वाटेनं जातं. कड्यावरच्या वाऱ्यात छत्री उलटते हे खरं, पण रानातल्या वाटेवर तिच्याइतकं हवेशीर दुसरं काही नाही.

वॉटरप्रूफ बुटांचं दुखणं थोडं वेगळं. ओढा ओलांडताना पाणी घोट्यावरून आत शिरतं आणि जो पडदा त्याला अडवणार होता, तोच आता बाहेर सोडत नाही. दिवसभर पायात डबकं. जाळीदार बूट भिजतो, पण निथळतोही.

तळव्याच्या खोल खाचा चिखलात उपयोगी. ओल्या कातळावर मुख्य काम रबराच्या मऊपणाचं. कडक रबर वर्षानुवर्षं झिजत नाही आणि नेमकं तिथेच घसरतं. शेवाळावर तर कुठल्याच किमतीचा बूट भरवशाचा नाही.

हिवाळ्यात तक्रार स्लीपिंग बॅगची: '०° लिहिलंय, मग ७°ला कुडकुडलो कसे?' प्रमाणित चाचणीत एकच तापमान नसतं. 'कम्फर्ट' म्हणजे सर्वसाधारण स्त्री अंग सैल सोडून झोपू शकेल ते. 'लिमिट' म्हणजे पुरुष अंग चोरून रात्र काढेल ते. 'एक्स्ट्रीम' म्हणजे सहा तास जीव वाचेल ते, तेही हिमबाधेचा धोका पत्करून. मोठ्या अक्षरांत यातलं कोणतं छापलंय ते पाहा. शिवाय पाठीखालचा भराव वजनानं दबतो आणि दबलेला भराव ऊब धरत नाही. गुहेच्या दगडी जमिनीची थंडी अडवायची ती कॅरीमॅटनं.

१०,००० एमएएचच्या पॉवर बँकेचा हिशोब आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टचा असतो. ५ व्होल्टला तेच ७,४०० होतात आणि त्यातही थोडी घट होते. बारीक अक्षरांतला 'रेटेड कपॅसिटी'चा आकडा खरा धरावा.

राहिलं सॅकचं रेनकव्हर. मानेवरून ओघळणारं पाणी पाठ आणि सॅक यांच्या मधून खाली उतरतं, तिथे कव्हर नसतंच. कपडे कोरडे हवेत तर सॅकच्या आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घालून तिचं तोंड पिळून बांधा. कव्हर घेतलंच, तर त्याच्या तळाला पाणी जायला भोक आहे ना बघा. नाहीतर साचलेलं पाणी आपणच गडावर वाहून नेतो.