पक्षिगान-श्रवणाचे पदभ्रमण : स्वरूप व पथ्ये

दाट पर्णराजीत दडलेला पक्षी बहुधा आवाजावरूनच ओळखावा लागतो. म्हणूनच सह्याद्रीच्या परिसरात जाणकारासमवेत पहाटे केलेले पदभ्रमण हे कानांचे शिक्षण ठरते. विणीच्या हंगामात नर मुख्यत्वे हद्द राखण्यासाठी व मादीला आकर्षित करण्यासाठी गातो. धोक्याची हाक मात्र आखूड व तुटक असते. हा भेद प्रथम समजावून द्यावा. लोकपरंपरेने पावशाच्या स्वरात ‘पेरते व्हा’ ऐकले, तर शीळकरी कस्तुराची पावसाळी शीळ थेट माणसाची भासते. अशा खुणा नवशिक्याच्या स्मरणात राहतात. तथापि ध्वनिमुद्रण वाजवून पक्ष्यास बोलावू नये. प्रतिस्पर्धी आल्याच्या समजुतीने ऐन विणीच्या काळात त्याची शक्ती व्यर्थ खर्ची पडते. निःशब्द श्रवण हेच येथील पहिले पथ्य होय.