कधी सुरू, कधी मुका

विहिरीवरील मोटार एखाद्या सकाळी सुरू झाली नाही, तर जुन्नर-आंबेगावकडील शेतकरी लगेच ती खोलून बसत नाही. प्रथम तो वीज आली आहे की नाही, हे पाहतो. मग तिन्ही फेज आहेत का, फ्यूज शाबूत आहे का, स्टार्टर उचलतो का, असे एकेक पाहत तो पुढे सरकतो. आणि मोटार फिरूनही पाणी वर येत नसेल, तर फुटव्हॉल्व्हकडे वळतो. विजेच्या खांबापासून पाण्याच्या धारेपर्यंत जी वाट आहे, त्या वाटेने तो क्रमाने चालत जातो. हे शास्त्र त्याला कोणी फळ्यावर लिहून शिकवलेले नसते.

शाळेतील संगणक रुसला म्हणजे मात्र आपण हा क्रम विसरतो. कोणी म्हणतो, "व्हायरस शिरला असेल". कोणी पेटीवर थाप मारतो. कोणी कळ दहा वेळा दाबतो. लहान गावच्या शाळेत पुष्कळदा एकच चांगला संगणक असतो. चुकीच्या निदानाने तो अडगळीत गेला, तर साऱ्या वर्गाचे नुकसान होते. आणि दोष कधी कधी केवळ सैल बसलेल्या एका वायरीचा असतो.

मुळीच सुरू न होणारा संगणक तपासणे त्या मानाने सोपे. खरा त्रास देतो तो कधी सुरू होणारा व कधी न होणारा. दुरुस्ती करणारा कारागीर येतो, कळ दाबतो, आणि संगणक आज्ञाधारक मुलासारखा चालू लागतो! कारागीर गेला की पुन्हा मुका. परंतु यंत्राला लहर नसते. ते ज्या वेळी अडते, त्या वेळी काहीतरी निराळे घडलेले असते. ते काय, एवढेच आपणांस शोधावयाचे आहे.

त्यासाठी विजेची वाट ठाऊक हवी. भिंतीतील सॉकेटमध्ये २३० व्होल्ट दाबाची वीज असते. संगणकाच्या आतील नाजूक भागांना इतका दाब सोसवणार नाही. म्हणून पेटीच्या एका कोपऱ्यात पत्र्याचा एक डबा बसवलेला असतो. त्याला कारागीर एस.एम.पी.एस. म्हणतात. तो या विजेचे रूपांतर १२, ५ आणि ३.३ व्होल्ट अशा सौम्य विजेत करतो व ती मदरबोर्ड नावाच्या मुख्य पाटीकडे पाठवतो.

येथे एक गंमत आहे. संगणकाची पुढची कळ म्हणजे दिव्याचे बटन नव्हे. ती वीज जोडत नाही. ती केवळ निरोप देते. संगणक बंद दिसत असतानाही तो डबा ५ व्होल्टची थोडीशी वीज जागती ठेवतो, आणि कळ दाबताच मदरबोर्ड त्याला सांगतो, "आता सगळी वीज दे." डबा वीज देऊ लागतो, सर्व दाब स्थिर झाले, की "सर्व ठीक" असा उलट निरोप पाठवतो. हा सगळा संवाद अर्ध्या सेकंदाच्या आत उरकतो. उलट निरोप आला नाही, तर संगणकाचा मेंदू, म्हणजे प्रोसेसर, कामाला लागतच नाही. अपुऱ्या विजेवर चुकीचे काम करण्यापेक्षा त्याने थांबावे, अशीच ही योजना आहे. पंखा क्षणभर फिरून थांबतो, तेव्हा पुष्कळदा हेच घडलेले असते.

आता संगणक केव्हा अडतो, ते पाहू. शेतीपंप एकदम सुरू होण्याच्या वेळीच तो अडत असेल, तर गावच्या विजेचा दाब खाली जात असण्याचा संभव मोठा. पावसाळ्यात अधिक अडत असेल, तर दमटपणाकडे लक्ष जावे. भीमाशंकरच्या बाजूची आंबेगावची पश्चिम पट्टी आणि पूर्वेकडील मंचरची बाजू एकाच तालुक्यातली. पण पावसात केवढा फरक! पश्चिमेकडील ओल्या हवेत धातूच्या जोडांवर गंज व मळ लवकर साचतो आणि वीज अडखळते. सुरू होऊन दहा मिनिटांनी बंद पडत असेल, तर पंख्यावर धूळ बसून आतला भाग तापत असावा. आणि रोज तारीख-वेळ चुकत असेल, तर मदरबोर्डावरील ३ व्होल्टची, बटणाएवढी बॅटरी संपत आली आहे.

थंडीतले अडणे सर्वांत मनोरंजक. डब्यात व मदरबोर्डावर कॅपॅसिटर नावाच्या लहान नळकांड्या असतात. त्या विजेला क्षणभर साठवून तिचे चढउतार सपाट करतात. काहींच्या आत एक द्रव असतो. वर्षे लोटली की तो सुकू लागतो, आणि थंडीत तर अशी जुनी नळकांडी आपले काम आणखीच कुचराईने करते. म्हणून डिसेंबरच्या सकाळी संगणक पाच वेळा नकार देतो आणि सहाव्या वेळी, आतला भाग जरासा उबदार झाल्यावर, सुरू होतो. इ. स. २००० च्या आगेमागे जगभर विकल्या गेलेल्या कित्येक मदरबोर्डांतील कॅपॅसिटर सदोष द्रवामुळे अकाली फुगले होते. माथा फुगलेली नळकांडी डोळ्यांनीही ओळखता येते.

सैल जोडाविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण तो जुन्नर तालुक्यात आकाशाच्या अभ्यासालाही त्रास देतो. नारायणगावजवळ खोडद येथे प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभारलेली प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे पुण्यातील केंद्र ती चालवते. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना तेथे आहेत. १४ मध्यभागी जवळजवळ, आणि १६ तीन लांब शाखांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. अवकाशातून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओलहरी त्या टिपतात. आता, विजेच्या तारेचा जोड सैल असला की तेथे ठिणग्या उडतात, आणि प्रत्येक ठिणगीतून रेडिओलहरी निघतात. जुन्या रेडिओवर खरखर ऐकू येते ती हीच. दुर्बिणीला ही खरखर ताऱ्याच्या आवाजाहून कितीतरी मोठी वाटते! म्हणून तेथील शास्त्रज्ञांना आकाशाबरोबर आसपासच्या वीजवाहिन्यांवरही लक्ष ठेवावे लागते. संगणकही अशा लहरी सोडतातच; पण अँटेनांचे संकेत एकत्र करण्याचे कामही संगणकांचेच. तेव्हा ती यंत्रे धातूच्या आवरणाने वेढलेल्या खोलीत ठेवून त्यांची कुजबुज आत कोंडली जाते. खांबावरचा सैल जोड आणि तुमच्या शाळेच्या सॉकेटमधील ढिली पिन, दोन्हींची जात एकच.

तर मग शोध कसा घ्यावा? एक वही करावी. संगणक अडला, की तारीख, वेळ, हवा, दिवा मंद होता का, पंखा फिरला का, शिटी वाजली का, हे लिहावे. मग वाटेच्या आरंभापासून एका वेळी एकच गोष्ट बदलावी. त्याच सॉकेटला टेबलावरचा दिवा लावून तो लुकलुकतो का, पहा. दुसऱ्या संगणकाची वायर लावून पहा. मध्ये यू.पी.एस. असेल, तर तो वगळून पहा. त्याची जुनी बॅटरी पुष्कळांना फसवते. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि संगणक चालू झाला, तर दोष कोणत्या गोष्टीत होता, हे कधीच कळणार नाही.

एवढे तुम्ही शिक्षकांसमक्ष करू शकता. पेटी उघडणे हे मोठ्यांचे काम, आणि तेही वायर सॉकेटमधून काढल्यानंतर. आत स्मृतीची पट्टी काढून, तिचे सोनेरी टोक खोडरबराने पुसून ती पुन्हा घट्ट बसवली, तरी कित्येक संगणक सुरू होतात. पत्र्याचा तो डबा मात्र शिक्षकांनीही उघडू नये. त्यातील मोठ्या कॅपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टांहून अधिक दाब असतो, आणि वायर काढल्यावरही तो काही काळ टिकून राहतो. तो संशयास्पद वाटला, तर सबंध बदलावा.

बदलल्यानंतर संगणक एकदा सुरू झाला, म्हणून वही मिटू नये. तो पूर्वीही मधूनमधून सुरू होतच होता. पूर्वी थंडीत पाचांपैकी तीन सकाळी अडत असेल, तर आता निदान दहा-बारा थंड सकाळी तो पहिल्याच हाकेला उठतो का, ते लिहून ठेवावे.