स्वस्त बिनतारी कंट्रोलर : काय पाहावे, काय सोडावे

गेल्या वर्षी वसतिगृहातील आम्ही पाच जणांनी वर्गणी काढून खेळाचा एक बिनतारी कंट्रोलर घेतला. प्रत्येकी अडीचशे, म्हणजे एकूण साडेबाराशे रुपये झाले. निवड माझ्यावर सोपविण्यात आली होती. रंगीत दिवे, चकचकीत खोके आणि त्यावर मोठ्या अक्षरांत केलेली स्तुती, एवढ्यावर मी भुललो. चौथ्या महिन्यात फुटबॉलच्या खेळातील आमचा गडी, कोणी हात न लावता, आपोआप डावीकडे चालू लागला. पाचव्या महिन्यात तो थांबेनासा झाला. मला कोणी काही बोलले नाही. पण अडीचशे रुपये म्हणजे आमच्यापैकी एकाच्या आईची शेतातली एका दिवसाची मजुरी, हे मला ठाऊक होते. अशा वेळी मित्रांचे न बोलणेच अधिक लागते.

त्या चुकीनंतर मी या वस्तूविषयी मिळेल ते वाचले, शास्त्र शाखेच्या मित्रांना विचारले आणि बिघडलेला कंट्रोलर उघडूनही पाहिला. त्यातून जे समजले ते येथे मांडतो. ‘खेळण्याच्या वस्तूचा एवढा विचार कशाला?’ असे काही गुरुजनांना वाटेल. पण ज्याच्या खिशात एकदाच घेण्याइतके पैसे असतात, त्याला विचार करूनच घ्यावे लागते. चुकीची वस्तू त्यालाच सर्वांत महाग पडते.

आधी आपले यंत्र पाहावे

कंट्रोलर म्हणजे दोन्ही हातांत धरायचे, कळा आणि अंगठ्याने फिरवायच्या दोन दांड्या असलेले साधन. संगणकावरचा, मोबाइलवरचा किंवा टीव्हीला जोडलेल्या यंत्रावरचा खेळ त्याने खेळता येतो. मात्र प्रत्येक कंट्रोलर प्रत्येक यंत्राशी बोलू शकत नाही. विंडोज संगणकावरील बहुतेक नवे खेळ ‘एक्सइनपुट’ नावाची पद्धत ओळखतात. तेव्हा लॅपटॉपसाठी घेताना खोक्यावर हा शब्द आहे ना, ते पाहावे. अँड्रॉइड मोबाइलला ब्लूटूथचा कंट्रोलर सहसा जोडता येतो, पण तो खेळानेही स्वीकारावा लागतो. नुसत्या बोटाच्या स्पर्शावर बेतलेल्या खेळात कंट्रोलर जोडला काय आणि न जोडला काय, सारखेच. आपण रोज जो खेळ खेळतो त्याच्या सेटिंगमध्ये कंट्रोलरचा उल्लेख आहे का, हे पैसे देण्याआधी तपासावे. प्लेस्टेशन ५ च्या बाबतीत तर त्याच कंपनीचा प्लेस्टेशन ४ चा कंट्रोलरही नव्या यंत्राच्या खास खेळांना चालत नाही. मग कोणत्याही स्वस्त कंट्रोलरकडून ती अपेक्षा करणे व्यर्थ होय.

हवेतून जाणारा निरोप

बिनतारी कंट्रोलर ही काही कालची गोष्ट नव्हे. निन्टेंडो कंपनीचा ‘वेव्हबर्ड’ २००२ साली आला. तो दोन पेन्सिल सेलवर आणि २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओलहरींवर चालत असे. आजचे कंट्रोलरही याच पट्ट्यात काम करतात. त्यांचे दोन प्रकार आहेत. एकात ब्लूटूथ असते. मोबाइल आणि लॅपटॉपमध्ये ते आधीपासून असल्याने वेगळे काही लावावे लागत नाही. दुसऱ्यात कंट्रोलरबरोबर नखाएवढा रिसीव्हर मिळतो, तो संगणकाच्या यूएसबी खाचेत खोचायचा. हा मार्ग केवळ त्या कंट्रोलरसाठी राखलेला असल्याने निरोप सहसा लवकर पोहोचतो. मात्र रिसीव्हर हरवला, तर तेवढ्यापुरता कंट्रोलर मुका होतो.

वायफाय, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह ओव्हन हे सारे २.४ च्याच आसपास वावरतात. वसतिगृहात एकाच मजल्यावर वीस-पंचवीस मोबाइल असले, की गर्दी होणारच. त्यात यूएसबी ३ च्या खाचेतून निघणारा विद्युत गोंगाटही या पट्ट्यात अडथळा आणतो. म्हणून रिसीव्हर शक्यतो अशा खाचेपासून दूर, समोर दिसेल असा लावावा. यावरचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे गरज पडेल तेव्हा तार जोडूनही खेळता येईल असा बिनतारी कंट्रोलर घेणे. बॅटरी संपली, रिसीव्हर हरवला, हवेत गर्दी झाली, तरी काम अडत नाही.

जाहिरातीत ‘१००० हर्ट्झ’ असा आकडा ठळक छापलेला असतो. त्याचा अर्थ, कंट्रोलर सेकंदाला हजार वेळा, म्हणजे दर १ मिलिसेकंदाला आपली स्थिती कळवितो. २५० हर्ट्झचा दर ४ मिलिसेकंदांनी, तर १२५ हर्ट्झचा दर ८ मिलिसेकंदांनी कळवितो. आता पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे उमटत असतील, तर एक चित्र सुमारे १७ मिलिसेकंद टिकते. म्हणजे २५० आणि १००० यांतला ३ मिलिसेकंदांचा फरक आपल्या जुन्या लॅपटॉपवर जाणवण्याजोगा नाही. केवळ या आकड्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

दांडीचे दुखणे

आमचा गडी आपोआप डावीकडे का चालला? याचे उत्तर अंगठ्याखालच्या दांडीत आहे. जुन्या पद्धतीच्या दांडीच्या तळाशी दोन ‘पोटेन्शिओमीटर’ असतात, एक आडव्या आणि एक उभ्या हालचालीसाठी. नाव अवघड असले तरी वस्तू आपल्या ओळखीची आहे. जुन्या रेडिओचे आवाजाचे बटण फिरविताना खरखर होते ना, तेथेही तोच असतो. कार्बनचा एक पट्टा आणि त्यावर घासत सरकणारे धातूचे टोक, इतकीच त्याची रचना. टोक कोठे आहे यावरून दांडी किती वळली ते यंत्राला कळते. रोजच्या घासण्याने पट्टा झिजतो, त्यावर धूळ बसते आणि मग सरळ उभ्या दांडीचीही ‘जरा डावीकडे’ अशी खोटी नोंद होऊ लागते. या दुखण्याला ‘ड्रिफ्ट’ म्हणतात.

हे दुखणे स्वस्त मालापुरते मर्यादित आहे, असे मात्र समजू नये. निन्टेंडोच्या ‘स्विच’ यंत्राच्या कंट्रोलरवरून अमेरिकेत २०१९ साली ग्राहकांनी खटला भरला होता आणि कंपनीचे अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांनी २०२० साली ग्राहकांना झालेल्या त्रासाबद्दल दिलगिरी व्यक्त केली. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स यांच्याबरोबर येणाऱ्या नेहमीच्या, महाग कंट्रोलरांतही घासणारीच पद्धत वापरली गेली. किंमत मोठी म्हणून आयुष्य मोठे, हा हिशेब येथे जुळत नाही.

यावरचा तोडगा एका विद्यार्थ्याच्या शोधातून आला, हे वाचून मला फार आनंद झाला. १८७९ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकत असताना एडविन हॉल यांना असे आढळले, की वीज वाहत असलेल्या पट्टीला चुंबकाच्या प्रभावात आणले तर तिच्या दोन कडांमध्ये अल्पसा विद्युतदाब निर्माण होतो. हाच ‘हॉल इफेक्ट’. दांडीला छोटे चुंबक बसवून खाली हा दाब मोजणारी चकती ठेवली, की दांडी कोठे वळली ते कळते. आणि मोजणाऱ्या भागात काहीच एकमेकांवर घासत नाही. विजेवरच्या स्कूटरची मूठ पिळल्यावर वेग वाढतो, तोही बहुधा याच तत्त्वावर. सेगा कंपनीने १९९८ सालच्या ‘ड्रीमकास्ट’ यंत्राच्या कंट्रोलरमध्ये ही पद्धत वापरली होती. पुढे ती मागे पडली आणि आता स्वस्त कंट्रोलरांमधून परत आली आहे. २०२४ साली आलेल्या एटबिटडो कंपनीच्या ‘अल्टिमेट २सी’ या सुमारे ३० डॉलरच्या बिनतारी कंट्रोलरमध्ये हॉल इफेक्टच्या दांड्या आहेत. ‘टीएमआर’ हा याच कुळातला नवा प्रकार असून तोही चुंबकावरच चालतो.

येथे एक सावधगिरी हवी. काही जाहिरातींत ‘हॉल इफेक्ट’ असे लिहिलेले असते, पण ते फक्त मागच्या ट्रिगरपुरते असते. दांड्या जुन्याच असतात. ‘दांड्यांना आहे का?’ असा नेमका प्रश्न विचारावा. शिवाय चुंबक आला म्हणून कंट्रोलर अमर होत नाही. दांडीची स्प्रिंग आणि कळांखालचे रबर त्यातही झिजते.

बॅटरी आणि बाकीचा थाट

बॅटरीचा आकडा मिलिअँपिअर-तासांत दिलेला असतो. हिशेब सोपा आहे. ६०० ची बॅटरी असेल आणि कंट्रोलर ६० मिलिअँपिअर वीज खात असेल, तर तो दहा तास चालेल. रंगीत दिवे आणि थरथरणाऱ्या मोटारी चालू ठेवल्या, की हे तास घटतात. दिवे बंद करता येत नसतील तर तो दोषच मानावा. उन्हाळ्याच्या सुटीत घरी जाताना बॅटरी पूर्ण रिकामी ठेवून जाऊ नये. निम्मी भरलेली असावी. पेन्सिल सेलवर चालणारा कंट्रोलर गावंढळ दिसला, तरी वाईट नव्हे. सेल संपले तर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात आणि भारित करण्याजोगे सेल वर्षानुवर्षे पुरतात.

तेव्हा खरेदीचा क्रम असा असावा : आपल्या यंत्राशी जुळणी, चुंबकाच्या दांड्या, तारेनेही चालण्याची सोय, मग बॅटरी. दिवे, जादा कळा आणि मोठे आकडे यांचा विचार सर्वांत शेवटी, पैसे उरले तर करावा.

घेतल्यानंतरचा पहिला आठवडा

पक्के बिल घ्यावे आणि वॉरंटी किती महिन्यांची, ते त्याच वेळी विचारावे. नामांकित कंपनीचे चिन्ह छापलेला कंट्रोलर निम्म्या किमतीत मिळत असेल, तर तो बहुधा नक्कल असतो. घरी आणल्यावर विंडोजमध्ये ‘जॉय डॉट सीपीएल’ ही आज्ञा दिली, की दांड्या व कळा तपासण्याची खिडकी उघडते. दांडी सोडल्यावर तेथील खूण मध्यावर परत येते का, कडेने गोल फिरविताना ती मध्येच उडी मारते का, हे पाहावे. दोष दिसला तर वस्तू परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी बोलावे. विक्रेता दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. मी हे काहीच केले नव्हते. बिलसुद्धा घेतले नव्हते.

या वर्षी आम्ही पुन्हा वर्गणी काढली आणि निवड पुन्हा माझ्याकडेच दिली गेली. या वेळी खोक्यावरची स्तुती न वाचता बारीक अक्षरे वाचली. आता खोलीत एक करड्या रंगाचा, दिवे नसलेला, चुंबकाच्या दांड्यांचा कंट्रोलर आहे. जुना मी एस.टी. स्टँडजवळच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात नेला. तेथील दादांनी डाव्या दांडीचा झिजलेला भाग काढून नवा डाखला. त्यांनी सांगितलेले अडीचशे रुपये माझ्या वाट्याचे म्हणून मी दिले. आता आमच्या खोलीत दोघांना एका वेळी खेळता येते, आणि गडी सांगितल्याशिवाय चालत नाही.