घरची शाळा आणि दाराची कडी

शाळेत न जाताही माणूस शिकतो, हे रायगड जिल्ह्याला नव्याने सांगावयास नको. पेण तालुक्यातील गागोदे गावी १८९५ साली जन्मलेल्या विनोबांनी १९१६ साली महाविद्यालयीन शिक्षण सोडले आणि आपली प्रमाणपत्रे जाळून टाकली. पण याच विनोबांनी पुढे 'कुराण-सार' आणि 'ख्रिस्तधर्म-सार' सिद्ध केले. त्यांनी शाळा सोडली ती अधिक दारे उघडण्यासाठी. मुलाला शाळेतून काढून घराचे दारच लावून घेणे, ही मात्र अगदी वेगळी गोष्ट आहे. या दुसऱ्या प्रकाराचा विचार येथे करावयाचा आहे.

'मूलतत्त्ववाद' हा शब्द आज आपण सर्वच धर्मांना लावतो. परंतु त्याचा उगम अमेरिकेतील प्रॉटेस्टंट ख्रिस्ती समाजात आहे. १९१० ते १९१५ या काळात तेथे 'द फंडामेंटल्स' नावाची पुस्तकमाला निघाली. बायबलचे प्रत्येक वचन निर्दोष आहे, हा तिचा मुख्य आग्रह. या विचाराची शाळेशी गाठ पडली ती डार्विनच्या सिद्धांतावरून. १९२५ साली टेनेसी राज्यात स्कोप्स या शिक्षकावर उत्क्रांतिवाद शिकवल्याबद्दल खटला भरला गेला. १९६२ व १९६३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतील अधिकृत प्रार्थना व बायबलवाचन घटनाबाह्य ठरविले. तेव्हा अनेक श्रद्धाळू पालकांना वाटू लागले, की शाळा आता आपली राहिली नाही.

घरी शिकवण्याची आधुनिक चळवळ मात्र केवळ धार्मिकांची नव्हती. जॉन होल्ट या शिक्षणतज्ज्ञाने १९७७ साली तिच्यासाठी एक नियतकालिक सुरू केले, ते शाळेतील घोकंपट्टीला कंटाळून. परंतु १९८० नंतर ख्रिस्ती पालकांचा ओघ वाढला. १९८३ साली त्यांच्या कायदेशीर बचावासाठी एक संघटना स्थापन झाली आणि एकामागून एक राज्यांनी नियम सैल केले. २०१६ साली अमेरिकेत सुमारे १७ लाख मुले घरी शिकत होती. टेक्सससारख्या राज्यात तर पालकांनी सरकारला तसे कळवण्याचेही बंधन नाही.

यांतील सर्वच घरे कर्मठ आहेत असे म्हणणे अन्यायाचे होईल. कोणाचे मूल आजारी असते, कोणाला वर्गातील छळ सोसवत नाही. प्रश्न आहे तो काही घरांतील रचनेचा. पृथ्वीचे वय सहा हजार वर्षे असल्याचे सांगणारी विज्ञानाची पुस्तके तेथे असतात. आईवडीलच शिक्षक, तेच परीक्षक आणि तेच धर्मगुरू. मुलाने शंका काढली तर ती चूक न ठरता पाप ठरते. शिवाय मुलाचे काही बिघडले, तर ते पाहणारे दुसरे प्रौढ माणूस तेथे नसते. शाळा कितीही वाईट असो, तेथे एखादे तरी वेगळे मत कानावर पडते.

हे सारे सातासमुद्रापलीकडचे आहे असे समजून आपण निर्धास्त होऊ नये. याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्याच मराठी इतिहासात आहे, आणि ते एका ब्राह्मण घरातले आहे. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा विरोध सोसून पत्नीला संस्कृत शिकवले आणि आईने रमाबाईंना. त्या काळी हे केवढे धाडस! पण याच घराला दुसरी बाजू होती. रमाबाईंनी आपल्या आत्मनिवेदनात लिहून ठेवले आहे, की आईवडिलांना मुलांचा बाहेरच्या जगाशी संबंध नको होता. संस्कृतखेरीज दुसरी भाषा शिकण्याची गोष्टच नको, आणि ऐहिक विद्या म्हणजे मोक्षाच्या वाटेतील धोंड.

मग दुष्काळ आला. १८७४ साली आईवडील अन्नान्न दशेत गेले. पुराणे मुखोद्गत असलेल्या या मुलांना पोट भरण्याचे एकही काम येत नव्हते. पुढे १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी याच मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरविले, हेही खरे. पण तेथेच केशवचंद्र सेन यांनी वेद वाचलेत का असे विचारले, तेव्हा स्त्रियांना तो अधिकार नाही, असे उत्तर त्यांनी दिले. घराने एक दार उघडले होते आणि दुसऱ्याला कडी घातली होती. आणि ती कडी मुलीला दिसतही नव्हती.

पुढे १८८३ साली इंग्लंडमध्ये रमाबाई ख्रिस्ती झाल्या. तरीही मुलगी मनोरमा हिच्या धर्मशिक्षणावरून त्यांचा आपल्या गुरुस्थानी असलेल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी खटका उडाला. आपल्याला न पटलेले मत मुलीच्या गळी उतरविलेले त्यांना मान्य नव्हते. पण १८८९ साली धार्मिक तटस्थतेच्या हमीवर सुरू केलेल्या शारदा सदनात, मुली आपल्या प्रार्थनेला येऊन बसतात तर मी त्यांना का अडवू, अशी त्यांची भूमिका झाली. १८९३ साली रानडे व भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले. रमाबाईंच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तरी एक प्रश्न उरतोच : अन्नवस्त्रासाठी जिच्यावर अवलंबून आहोत, तिच्या प्रार्थनेला जावे की न जावे हे ठरवण्यास ती बालविधवा कितपत मोकळी होती?

शाळेत गेले की धर्म बुडतो, ही भीती कर्मठांच्या मुळाशी असते. आपला किनारा तिला उत्तर देतो. अलिबाग परिसरातील बेने इस्राएल शतकानुशतके शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना 'शनवार तेली' म्हणत. त्यांचे पहिले सिनेगॉग १७९६ साली मुंबईत उभे राहिले. तोवर धर्म टिकला तो घरातच. पण त्यासाठी त्यांनी शेजाऱ्याची मराठी टाकली नाही. त्यांच्यातीलच हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८७५ साली मुंबईत समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली. कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीनेही पोर्तुगीज गेल्यावर जवळजवळ पावणेतीनशे वर्षे आपला धर्म आणि आपली पोर्तुगीज वळणाची बोली जपली, तीही मराठी मुलखात राहून.

कायदा या बाबतीत डळमळीतच राहिला आहे. १९७२ साली अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाने आमिश पंथाच्या पालकांना आठवीनंतर मुले शाळेत न पाठवण्याची मुभा दिली. त्या वेळी न्यायमूर्ती डग्लस यांनी अंशतः भिन्नमत नोंदवले : या मुलांना स्वतःला काय वाटते, हे कोणी विचारले आहे काय? आपल्याकडे २००९ चा शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क देतो. पण २०१२ च्या दुरुस्तीने मदरसे, वेदपाठशाळा आणि मुख्यतः धर्मशिक्षण देणाऱ्या संस्था त्यातून वगळल्या. डग्लस यांचा प्रश्न येथेही अनुत्तरितच आहे.

म्हणून घर की शाळा, हा वाद मला दुय्यम वाटतो. कसोट्या तीन असाव्यात. मुलाला विरुद्ध मताचे पुस्तक वाचता येते काय? घराबाहेरचे एखादे जाणते माणूस त्याची विचारपूस करू शकते काय? आणि उद्या त्याला ते घर सोडावेसे वाटले, तर पोट भरण्याइतके त्याला येते काय?

या कसोट्या फक्त ख्रिस्ती घरांना लावून आपण मोकळे होऊ नये. शाळेत असताना उत्क्रांतीचा धडा मी घरी मोठ्याने वाचत होतो. वडिलांनी पोथीवरून नजर न काढता विचारले, "हे परीक्षेपुरतेच ना?" मी "हो" म्हणालो. मला शाळेत पाठवणारे वडीलच ते. दाराला कडी त्यांनी घातली नव्हती. त्या "हो"ने ती मीच घातली. आपल्यापैकी किती जणांनी असे "हो" म्हटले असेल?