पांढरे पोवळे

आमच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेत एका काचेच्या कपाटात प्रवाळाचे सहा नमुने होते. एक मेंदूच्या वळ्यांसारखा, एक हरणाच्या शिंगांसारखा, एक उलट्या ठेवलेल्या आळंबीसारखा. सगळे चुन्यासारखे पांढरे. तीस वर्षे मी ते दर जूनमध्ये बाहेर काढले, पुसले आणि मुलांपुढे ठेवले. मुले पेन्सिलीने आकृती काढत, रंग भरायचा प्रश्नच नसे. मी जर्नलवर सही करत असे. आपण जे दाखवतो आहोत तो प्राणी नसून त्याचे घर आहे, तेही रिकामे, हे मी सांगत असे. पण सांगणे निराळे आणि कळणे निराळे.

मराठी माणसाची प्रवाळाशी ओळख मुख्यतः अंगठीतून होते. मंगळाचे रत्न म्हणून घालतात ते लाल पोवळे प्रामुख्याने भूमध्य समुद्रातले. तो अंधुक उजेडात वाढणारा वेगळाच प्राणी आहे, आणि त्याचा सांगाडाच मुळात लाल असतो. खडक उभारणाऱ्या प्रवाळाचे तसे नाही. त्याचा सांगाडा पांढरा असतो, रंग असतो तो जिवंतपणाचा. त्यामुळे प्रयोगशाळेतला पांढरा रंग ही नेहमीची गोष्ट असली, तरी समुद्रात तोच रंग दुखण्याची किंवा मृत्यूची खूण ठरतो.

हे मला प्रत्यक्ष उमगले ते निवृत्तीनंतर, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, या फेब्रुवारीत. लेक आणि जावई अमेरिकेत. त्यांच्या आग्रहाने मायामीहून निघणाऱ्या एका क्रूझवर गेलो. तिसऱ्या दिवशी जहाज ग्रँड केमन बेटासमोर थांबले. हे बेट म्हणजे समुद्रात बुडालेल्या एका पर्वतरांगेचे टोक. किनाऱ्यापासून थोडे पुढे गेले की तळ भिंतीसारखा खाली कोसळतो, आणि बेटाच्या दक्षिणेला असलेली केमन गर्ता सात हजार मीटरहून खोल आहे. म्हणून किनाऱ्यालगतची उथळ कड तेवढी प्रवाळाची. जॉर्ज टाउन बंदरात मोठ्या जहाजांसाठी धक्का नाही. जहाजे समोर उभी राहतात आणि लहान बोटी प्रवाशांना काठावर आणून सोडतात. आमच्यासारखी आणखी दोन जहाजे त्या दिवशी उभी होती.

बंदरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, एडन रॉक नावाच्या खडकांपाशी, आम्ही पाण्यात उतरलो. डोळ्यांवर मास्क, तोंडात नळी, पायांत फिन्स. पोहता येत असूनही पहिली दोन मिनिटे नळीतून श्वास घ्यायला मन तयार होईना. मग डोके खाली घातले आणि श्वासाचा विचारच उरला नाही. जांभळे समुद्रपंखे एका लयीत झुलत होते. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे इतके जवळ आले की हात लावावासा वाटावा. एक हिरवट निळा पोपटमासा खडक कुरतडत होता, आणि त्याचा कुरकुर आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येत होता. खडकांच्या चिरेत हातभराहून मोठे टार्पन मासे चांदीच्या पत्र्यासारखे निश्चल उभे होते.

आणि मग माझ्याकडून एक चूक झाली. मास्कमध्ये पाणी शिरले, मी गोंधळले आणि सवयीने पाय खाली टेकले. पायाखाली जे आले ते मेंदू-प्रवाळ होते, परातीएवढे. क्षणभरच. वाटाड्याने दंड धरून मला वर उचलले. पण तेवढ्यात माझ्यातल्या शिक्षिकेने हिशेब केला होता. असे प्रवाळ सगळ्या बाजूंनी वर्षाला साधारण अर्धा सेंटिमीटर वाढते. परातीची त्रिज्या तीस सेंटिमीटर धरली, तर ते सुमारे साठ वर्षांचे. म्हणजे जवळजवळ माझ्याच वयाचे.

मी ज्यावर पाय दिला, ती एक वस्ती होती. प्रवाळाचा प्रत्येक जीव, म्हणजे पॉलिप, हा काही मिलिमीटरांचा. नळीसारखे शरीर, वर तोंड, भोवती शुंडके. तो समुद्राच्या पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन स्वतःखाली चुन्याची पेली बांधतो. हजारो पॉलिप एकमेकांना पातळ त्वचेने जोडलेले असतात, आणि सगळी जिवंत वस्ती म्हणजे जुन्या बांधकामावर पसरलेला काही मिलिमीटर जाडीचा थर. पाय, नांगर, फिन्सचा फटका हे सगळे त्या थरावरच पडते. या थराच्या आत एकपेशीय शैवाले राहतात. ती सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा, काही जातींत गरजेच्या ९० टक्क्यांपर्यंत, यजमानाला देतात. बदल्यात त्यांना निवारा आणि खत मिळते. प्रवाळाचा तपकिरी-सोनेरी रंग बहुतांशी या पाहुण्यांचाच. पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा एखाद्या अंशाने जास्त तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, तर हे सहजीवन मोडते. शैवाले बाहेर टाकली जातात आणि पारदर्शक झालेल्या त्वचेतून खालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. यालाच विरंजन म्हणतात. प्रवाळ तेव्हा मेलेले नसते, उपाशी असते. पाणी वेळेत निवले तर ते सावरू शकते.

पाण्याबाहेर आल्यावर मी वाटाड्याची क्षमा मागितली. तो साठीचा, बेटावरच जन्मलेला. "होतं असं," म्हणाला. मग मी विचारले, "आजचा प्रवाळ कसा होता? मला तर फारच सुंदर वाटला." तो हसला आणि म्हणाला, "तुमच्यासाठी सुंदर आहे, मॅडम."

त्या "तुमच्यासाठी"ने मला या लेखापर्यंत आणले.

मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी १९९५ मध्ये एका छोट्या टिपणात एक कल्पना मांडली. प्रत्येक पिढी आपण कामाला लागलो तेव्हाचा समुद्र हाच मूळ समुद्र मानते आणि घट मोजते ती तिथूनच. पुढची पिढी त्या घटलेल्या समुद्रालाच मूळ धरते. मोजपट्टीचे शून्यच दर वेळी पुढे सरकते. पर्यटकाच्या बाबतीत हे काही तासांतच घडते. त्याच्याकडे आदली मोजपट्टी नसतेच. जे दिसले ते भरलेले.

केमनची जुनी मोजपट्टी मात्र सापडते. १० मे १५०३ रोजी आपल्या चौथ्या सफरीत कोलंबसला धाकटी केमन बेटे दिसली, तेव्हा भोवतालचा समुद्र कासवांनी इतका भरला होता की त्याने बेटांचे नाव ठेवले 'लास तोर्तुगास', कासवे. जमैकाचा इतिहास लिहिणाऱ्या एडवर्ड लाँगने १७७४ मध्ये नोंदवले आहे की धुक्यात वाट चुकलेली जहाजे अंडी घालायला निघालेल्या कासवांच्या पोहण्याच्या आवाजावरून केमनचा मार्ग धरत. ही हिरवी कासवे जहाजावर जिवंत ठेवता येत, म्हणून खलाशांसाठी ती चालती शिधासामग्री होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस केमनभोवतीची कासवे संपत आली आणि केमनचे दर्यावर्दी आधी क्यूबाच्या दक्षिणेला, मग निकाराग्वाच्या किनाऱ्यापर्यंत कासवे पकडायला जाऊ लागले. १९९७ मध्ये जेरेमी जॅक्सन या सागरी जीवशास्त्रज्ञाने याच जुन्या नोंदींवरून दाखवले, की शास्त्रज्ञांनी कॅरिबियन प्रवाळाचा अभ्यास सुरू केला तेव्हाच तो समुद्र मोठ्या प्राण्यांच्या दृष्टीने ओस पडला होता. मी चाळीस मिनिटांत एकही कासव पाहिले नाही. आणि मला त्याची उणीवही जाणवली नाही.

वाटाड्याच्या लहानपणीची मोजपट्टी त्या मानाने कालची. हरणाच्या शिंगांसारख्या प्रवाळांची दाट रानेच कॅरिबियनच्या उथळ पाण्यात होती. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून एका रोगाने ती झपाट्याने नाहीशी होऊ लागली. १९८३ मध्ये पनामाजवळ लांब काळ्या काट्यांचे सी-अर्चिन मरू लागले आणि सुमारे वर्षभरात जवळजवळ सगळ्या कॅरिबियनमधले ९० टक्क्यांहून अधिक संपले. हा प्राणी खडकावरचे शेवाळ चरत असे. पोपटमासे तर आधीच मासेमारीने घटलेले. चरणारे गेले आणि प्रवाळाच्या पिल्लांना चिकटायला मोकळी जागाच उरली नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित पाहणीनुसार कॅरिबियन खडकांवरील जिवंत प्रवाळाचे आच्छादन तीन दशकांत सरासरी सुमारे ५० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आले. २०१४ मध्ये मायामीजवळ एक नवा रोग दिसला, तो प्रवाळाची त्वचाच सांगाड्यावरून सोलून काढतो. २०२० मध्ये तो ग्रँड केमनला पोहोचला. त्यानंतर २०२३ च्या उन्हाळ्यात समुद्र असा तापला की कॅरिबियनभर प्रवाळ पांढरे पडले. पुढच्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी ही जगातली चौथी व्यापक विरंजनाची घटना असल्याचे जाहीर केले.

हे वाचून घेतल्यावर मी जावयाने पाण्याखाली काढलेली छायाचित्रे पुन्हा पाहिली, या वेळी आकृत्या तपासाव्यात तशी. प्रवाळ पांढरे पण वरची त्वचा शाबूत असेल, तर ते विरंजन. त्वचाच नसून नुसता लख्ख सांगाडा दिसत असेल, तर ते नुकतेच मेलेले. सांगाड्यावर हिरवट-तपकिरी लव असेल, तर मरून महिने किंवा वर्षे झालेली. माझ्या पहिल्या नजरेने 'रंगीत खडक' म्हणून वाखाणलेल्या बऱ्याच भागावर ही लव होती. झुलणारे जांभळे पंखेही खडक बांधणाऱ्यांपैकी नव्हेत. आणि ज्या पिवळ्या-काळ्या माशांनी मला हर्ष झाला, ते माणसाकडून खाऊ मिळायची सवय लागल्यावर असेच भोवती जमतात. त्यांच्या गर्दीवरून प्रवाळाचे आरोग्य कळत नाही.

मग प्रश्न उरतो आम्हा पाहुण्यांचा. सनस्क्रीनमधली काही रसायने प्रयोगशाळेत प्रवाळाला घातक ठरली, म्हणून पलाऊ, हवाई आणि अमेरिकन व्हर्जिन बेटांनी त्यांच्यावर बंदी घातली. लांब बाह्यांचा पोहण्याचा अंगरखा घालणे हे त्याहून सोपे. पण तापणाऱ्या पाण्यापुढे हा दोष लहान आहे, आणि ट्यूब बदलून मन स्वच्छ करून घेणे फार स्वस्तात होते. आम्हाला तिथे नेणारे जहाज त्याहून मोठे. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रँड केमनच्याच एका अभ्यासात एका क्रूझ जहाजाने एका दिवसात टाकलेल्या नांगरामुळे ३१५० चौरस मीटर, म्हणजे सुमारे पाऊण एकर प्रवाळ उद्ध्वस्त झाल्याची नोंद आहे. नांगर पडतो तेवढीच जागा जात नाही. जहाज वाऱ्याने फिरते तशी साखळी तळावरून फिरत राहते. यावर उपाय म्हणून कायमचा धक्का बांधावा, तर त्यासाठी बंदरातला तळ उपसावा लागतो आणि आणखी मोठी जहाजे येतात. बेटावर वर्षानुवर्षे हा वाद चालला. आम्ही परतल्यानंतर अडीच महिन्यांनी, ३० एप्रिल २०२५ च्या सार्वमतात केमनच्या मतदारांनी धक्क्याला बहुमताने नकार दिला. पर्यटनावर पोट असलेल्या बेटाने पर्यटकांच्या सोयीला नाही म्हणणे ही साधी गोष्ट नव्हे.

आणि हे बेट नाही म्हणते तेव्हा काय होऊ शकते, याचा पुरावाही तिथेच आहे. आपल्याकडच्या हेकरूच्या कुळातला नसाऊ ग्रुपर हिवाळ्यातल्या पौर्णिमेनंतर काही रात्री ठरावीक जागी जमून अंडी सोडतो. लिटल केमनच्या पश्चिम टोकाची अशी जागा २००१ मध्ये कोळ्यांना सापडली आणि दोन हंगामांत हजारो मासे पकडले गेले. २००३ मध्ये तिथली मासेमारी बंद झाली. पहिली काही वर्षे काहीच घडले नाही. मग संख्या हळूहळू वाढू लागली आणि तिपटीहून अधिक झाली. आम्ही गेलो तेव्हा माघ पौर्णिमा होऊन दोनच दिवस झाले होते. सव्वाशे किलोमीटरवर ते मासे जमण्याची हीच वेळ होती, हे मला घरी आल्यावर कळले.

अर्थात मासेमारी थांबवता येते, तापणारे पाणी एका बेटाच्या मतदानाने थांबत नाही. मी ज्या जहाजाने आले ते तेल जाळत आले आणि जाळत गेले. हा हिशेब मला जुळवता आलेला नाही, आणि जुळला असे दाखवणार नाही.

एक गोष्ट मात्र करता आली. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती आपल्याकडची मंडळी हल्ली हौसेने स्नॉर्कलिंग करतात. तिथेही प्रवाळ आहे आणि १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथे बोटीवरच्या वयस्क माणसाला "काय काय दिसेल?" याऐवजी "तुमच्या लहानपणी काय दिसायचे?" असे विचारावे, असे मी आता जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते. मी स्वतः सुरुवात एका वहीने केली आहे. पहिली नोंद अशी: १४ फेब्रुवारी २०२५, ग्रँड केमन. मेंदू-प्रवाळ, व्यास अंदाजे साठ सेंटिमीटर. निम्मे जिवंत, निम्म्यावर शेवाळ. काळे सी-अर्चिन दिसले नाहीत. कासव नाही. पोपटमासे सात. प्रवाळावर एक पाय टेकला, माझा.