कोलाहलातील ध्यान

मुलांनो, पुण्यातील स्वारगेटच्या चौकात क्षणभर उभे राहून पाहा. एस. टी.च्या गाड्या ये-जा करीत असतात, रिक्षावाले उतारूंना हाका मारीत असतात आणि भुयारी मेट्रोतून माणसांचे लोंढे वर येत असतात. येथे कोणी शांत बसू शकेल, असे मनातही येत नाही. परंतु याच परिसरात, दादावाडीत, ‘धम्म पुण्ण’ नावाचे विपश्यना केंद्र आहे. तेथे साधक डोळे मिटून आपल्या श्वासाकडे लक्ष देत बसतात.

ध्यानाची ही परंपरा फार जुनी आहे. संस्कृतातील ‘ध्यान’ या शब्दाला पाली भाषेत ‘झान’ म्हणतात. हाच शब्द चीनमध्ये ‘चान’ झाला आणि जपानमध्ये ‘झेन’ झाला. झेन आणि विपश्यना यांच्या पद्धती वेगळ्या आहेत; पण दोन्ही बुद्धाच्या शिकवणुकीतूनच निघाल्या. अनेक झेन साधक आरंभी एकपासून दहापर्यंत श्वास मोजतात आणि पुन्हा एकपासून सुरुवात करतात.

हे ऐकायला सोपे वाटते. पण तीन-चार अंक मोजतो न मोजतो तोच मन भलतीकडे धावते. मग आपले चुकले काय? काहीच नाही. रांगते मूल उंबऱ्याकडे गेले, तर आई त्याला न रागावता उचलून परत आणते. मनालाही तसेच परत आणावयाचे असते. हे परत आणणे हाच खरा अभ्यास होय.

विपश्यनेचे शिबिर दहा दिवसांचे असते. तेथे मौन असते, वेळापत्रक असते. खरी कसोटी लागते ती घरी परतल्यावर. पाणी भरणे, डबा करणे, कचेरी गाठणे, यांत ध्यानाला वेळ कोठून आणावा? ब्रह्मदेशातील ऊ बा खिन यांनी याचे उत्तर कृतीने दिले. 1948 मध्ये ते स्वतंत्र ब्रह्मदेशाचे महालेखापाल झाले. हिशेबाचे मोठे काम सांभाळून ते रोज ध्यान करीत आणि कचेरीतील सहकाऱ्यांनाही शिकवीत. व्यापार करणारे सत्यनारायण गोएंका त्यांचेच शिष्य. गोएंकांनी 1969 मध्ये भारतात येऊन ही विद्या शिकवण्यास आरंभ केला. पुढे इगतपुरीस मोठे केंद्र उभे राहिले.

रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी थोडा वेळ तरी बसावे. एखादा दिवस चुकला, तर खंत करीत न राहता दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावे. चौकातील गलबला आपल्याला थांबविता येत नाही. पण भटकलेले मन परत आणणे मात्र आपल्या हाती आहे.