ई-कोलाय : निरुपद्रवी कोणता, घातक कोणता?
कुक्कुटपालक व चिकन-अंडी विक्रेत्यांसाठी उपयुक्त माहिती

ब्रॉयलरच्या शेडमध्ये चौथ्या-पाचव्या आठवड्यात मर वाढू लागली की मालक दोन-तीन मेलेले पक्षी पिशवीत घालून तपासणीला पाठवतो. काही दिवसांनी अहवाल येतो. त्यावर एकच ओळ असते : ‘ई-कोलाय आढळला.’ एवढे वाचून तो औषधाच्या दुकानात जातो आणि दुकानदार देईल ती पावडर पाण्यात मिसळतो. कधी मर थांबते, पुष्कळदा थांबत नाही. औषधाचे पैसे मात्र जातातच, आणि पक्षी विक्रीला आलेले असताना झालेला हा तोटा पुढची बॅचही भरून काढू शकत नाही.

आपल्या समाजातील अनेक बंधू पोल्ट्री, अंड्यांची घाऊक विक्री आणि चिकन सेंटर या धंद्यांत आहेत. त्यांच्यासाठी ‘ई-कोलाय आढळला’ या ओळीचा खरा अर्थ समजून घेणे गरजेचे आहे. कारण ई-कोलाय हे एका जंतूचे नाव असले तरी त्याच्या पोटात असंख्य प्रकार आहेत. त्यांतले बहुतेक निरुपद्रवी आणि थोडे घातक आहेत. अहवालातील ती ओळ या दोहोंत फरक करीत नाही.

सर्वांच्या पोटातला रहिवासी

थिओडोर एशेरिश या जर्मन-ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञाने १८८५ साली लहान मुलांच्या विष्ठेतून हा जंतू प्रथम वेगळा केला. पुढे त्याच्याच नावावरून जंतूला ‘एशेरिशिया कोलाय’ हे नाव पडले. आपण त्याला थोडक्यात ई-कोलाय म्हणतो. आकाराने तो इतका लहान असतो की पाचशे जंतू एका ओळीत ठेवले तर जेमतेम एक मिलिमीटर भरेल. अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत एकाचे दोन होतात.

माणूस, गाय, बकरी, कोंबडी अशा सर्वांच्या आतड्यात हा जंतू राहतो. पिल्लू अंड्यातून बाहेर आल्यावर काही तासांतच तो त्याच्या आतड्यात वस्ती करतो. निरोगी कोंबडीच्या एक ग्रॅम विष्ठेत दहा लाखांपर्यंत ई-कोलाय सापडू शकतात. एवढे असूनही पक्षी खातो, वाढतो, अंडी देतो. म्हणजेच आतड्यातील बहुसंख्य ई-कोलाय त्याला काहीही त्रास देत नाहीत. उलट ते जागा अडवून बसलेले असतात आणि नव्याने येणाऱ्या वाईट जंतूंना सहजासहजी पाय रोवू देत नाहीत.

निरुपद्रवी प्रकाराचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ‘के-१२’. अमेरिकेत १९२२ साली एका रुग्णाच्या विष्ठेतून तो मिळाला आणि जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवला गेला. याच जंतूकडून मानवी इन्शुलिन तयार करवून घेण्यात आले आणि १९८२ पासून ते मधुमेहींसाठी बाजारात मिळू लागले. ज्या नावाने पोल्ट्रीवाला घाबरतो, त्याच नावाचा जंतू असा माणसाच्या सेवेत आहे.

फरक कुठे आहे?

प्रयोगशाळेत ई-कोलाय ओळखण्यासाठी मॅकॉन्की नावाच्या माध्यमावर तो वाढवतात. त्यावर त्याचे गुलाबी ठिपके उमटतात. अडचण अशी की घातक प्रकाराचा ठिपकाही गुलाबी आणि निरुपद्रवीचाही गुलाबी. सूक्ष्मदर्शकाखालीही दोघे सारखेच दिसतात. फरक आहे तो आतल्या जनुकांत, म्हणजे जंतूच्या गुणधर्मांची नोंद असलेल्या वहीत.

के-१२ ची ही वही १९९७ साली पूर्ण वाचण्यात आली. तिच्यात सुमारे ४६ लाख अक्षरे भरली. कोंबडीला रोग करणाऱ्या ‘ओ-१’ गटातील एका प्रकाराची वही २००७ साली वाचून झाली, तेव्हा तिच्यात ५० लाखांहून अधिक अक्षरे निघाली. घातक प्रकाराजवळ ही जी जादा पाने आहेत, त्यांत त्याची हत्यारे लिहिलेली असतात. शिवाय अशी काही पाने मूळ वहीत नसून ‘प्लास्मिड’ नावाच्या वेगळ्या कड्यावर असतात. घातक प्रकारांत वारंवार सापडणाऱ्या एका प्लास्मिडला ‘कोल-व्ही’ म्हणतात.

अमेरिकेतील संशोधकांनी २००८ साली आजारी कोंबड्यांतून आणि निरोगी कोंबड्यांच्या विष्ठेतून मिळालेल्या शेकडो ई-कोलायची तुलना केली. घातक प्रकारांत पाच जनुके विशेष करून आढळली : आयरो-एन, आययूटी-ए, आयएसएस, ओएमपी-टी आणि एचएलवाय-एफ. या पाचांवरून संशयित जंतू घातक असण्याची शक्यता किती, हे पीसीआर तपासणीने ठरवता येते.

ही नावे पाठ करण्याची गरज नाही. त्यांची कामे लक्षात घ्यावीत. यातली दोन जनुके लोह मिळवण्याची आहेत. जंतूला वाढायला लोह लागते, पण पक्ष्याचे शरीर रक्तातील लोह घट्ट बांधून ठेवते. निरुपद्रवी जंतू चुकून रक्तात शिरला तरी लोहावाचून उपाशी राहतो. घातक जंतू मात्र लोह ओढून घेणारे पदार्थ बनवतो आणि शरीराच्या कोठारातून ते चोरतो. दुसरे काम संरक्षणाचे. रक्तात जंतूंना फोडणारे पदार्थ असतात. साधा ई-कोलाय त्यांच्यापुढे टिकत नाही, पण आयएसएस जनुक असलेला बराच तग धरतो. याशिवाय काही घातक प्रकारांना श्वासनलिकेला चिकटून राहण्यासाठी बारीक केसांसारखे तंतू असतात.

थोडक्यात, निरुपद्रवी ई-कोलाय आतड्यातच जगू शकतो. घातक ई-कोलाय आतड्याबाहेर, रक्तात आणि हृदय-यकृतावरही जगतो.

दोघांमधली भिंत मात्र पक्की नाही. प्लास्मिड एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते, म्हणून आजचा साधा जंतू उद्या हत्यारबंद होऊ शकतो. निरोगी कोंबड्यांच्या आतड्यातही ओ-१, ओ-२, ओ-७८ अशा रोगकारक गटांचे थोडे जंतू गुपचूप राहत असतातच. मग सर्वच पक्षी आजारी का पडत नाहीत?

दार कोण उघडते?

कोंबडीतील ई-कोलायचा रोग बहुधा श्वासावाटे शिरतो. वाळलेली विष्ठा, तूस आणि पिसांची धूळ शेडमध्ये उडते. त्या धुळीच्या एका ग्रॅममध्ये लाखो ई-कोलाय असू शकतात. निरोगी श्वासनलिकेत बारीक केसांचा झाडू असतो, तो ही धूळ बाहेर ढकलतो. हा झाडू मोडला की दार उघडे पडते.

झाडू मोडणारा पहिला शत्रू म्हणजे अमोनिया. गादी ओली राहिली, पडदे रात्रभर बंद ठेवले की शेडमध्ये अमोनिया साचतो. हवेत त्याचे प्रमाण दहा लाखांत पंचवीस भागांच्या पुढे गेले की श्वासनलिकेला इजा होऊ लागते. शेडमध्ये शिरताच आपल्या डोळ्यांना चुरचुरले, तर पक्ष्यांचे हाल कधीच सुरू झाले आहेत असे समजावे.

दुसरा शत्रू म्हणजे दुसरे रोग. राणीखेत, संसर्गजन्य ब्राँकायटिस, मायकोप्लाझ्मा (सीआरडी) आणि प्रतिकारशक्ती खचवणारा गंबोरो. हे रोग आधी येतात, ई-कोलाय मागून शिरतो आणि पोस्टमॉर्टेममध्ये तोच दिसतो. सापडलेला चोर दुसराच आणि कुलूप फोडणारा दुसराच, असा हा प्रकार आहे. म्हणून केवळ ई-कोलायवर औषध देऊन मर थांबत नाही.

लहान पिल्लांत मार्ग वेगळा असतो. अंड्याच्या कवचाला विष्ठा लागलेली असेल, अंडे जमिनीवर घातलेले असेल किंवा हॅचरी स्वच्छ नसेल, तर जंतू बेंबीतून पिवळ्या बलकात पोचतो. पहिल्या आठवड्यातच पिल्ले मरू लागतात. बेंबी ओली, पोट फुगलेले आणि आत दुर्गंधीयुक्त बलक शिल्लक, ही त्याची खूण. अशा वेळी शेडमधल्या औषधापेक्षा हॅचरीकडे विचारणा करणे जास्त फायद्याचे.

अहवाल कसा वाचावा?

ई-कोलाय कोणत्या अवयवातून मिळाला, हा पहिला प्रश्न विचारावा. आतडे किंवा विष्ठा यांतून मिळाला असेल, तर त्याला काहीच अर्थ नाही. तिथे तो सापडणारच. हृदय, यकृत, हवेच्या पिशव्या किंवा हाडातील मगज यांतून मिळाला आणि तिथे तोच एकटा भरपूर वाढला, तर तो घातक असल्याचा संशय बळावतो.

दुसरा प्रश्न, पक्षी मेल्यावर किती वेळाने उघडला? मेलेल्या पक्ष्याच्या आतड्यातील जंतू काही तासांतच इतर अवयवांत पसरतात. उन्हाळ्यात रात्रभर पडून राहिलेल्या पक्ष्याच्या यकृतात ई-कोलाय सापडला तर तो रोगाचा पुरावा होत नाही. आजारी पण जिवंत पक्षी किंवा नुकताच मेलेला पक्षीच तपासणीला द्यावा.

तिसरे, डोळ्यांना काय दिसले? हृदय व यकृत यांवर पांढरट-पिवळा पापुद्रा, हवेच्या पिशव्या जाड व गढूळ, अशी लक्षणे आणि त्याच अवयवातून शुद्ध वाढ, या दोन्ही गोष्टी जुळल्या तरच ई-कोलायचा रोग म्हणावा. त्यासोबत राणीखेत व सीआरडीची तपासणीही मागावी. जनुकांची पीसीआर तपासणी प्रत्येक बॅचला परवडणारी नाही, पण बॅचमागून बॅच तोच त्रास होत असेल तर पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत त्याबद्दल विचारावे.

औषध कधी, लस कोणती?

औषध द्यायचेच तर कोणत्या औषधाने तो जंतू मरतो, ही संवेदनशीलता चाचणी करूनच द्यावे. पशुवैद्यकांनी सांगितलेले दिवस पूर्ण करावेत आणि औषध बंद केल्यावर ठरलेले दिवस जाईपर्यंत पक्षी व अंडी विकू नयेत. अंदाजाने दिलेले औषध दुहेरी नुकसान करते. साधे, जागा राखणारे जंतू मरतात आणि औषधाला न जुमानणारे उरतात. ही दाद न देण्याची शक्तीही प्लास्मिडवरून इतरांकडे जाते. माणसाच्या लघवीच्या मार्गाचा रोग करणारे ई-कोलाय आणि कोंबडीचे घातक ई-कोलाय यांची जनुके बरीच मिळतीजुळती आहेत. तेव्हा हा प्रश्न केवळ शेडपुरता नाही.

याच कारणाने केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये कोलिस्टिन या औषधाचा जनावरे, कोंबड्या, मत्स्यपालन आणि पशुखाद्य यांसाठीचा वापर, उत्पादन व विक्री यांवर बंदी घातली. माणसासाठी ते शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेले औषध आहे. कोणी ‘जुना स्टॉक आहे’ म्हणून देऊ केले तरी घेऊ नये.

घातक प्रकारापासूनच निरुपद्रवी प्रकार बनवून लस तयार झाली आहे. ओ-७८ गटातील रोगकारक ई-कोलायमधून ‘आरो-ए’ हे एक जनुक काढून टाकले, की तो पक्ष्याच्या शरीरात फार काळ वाढू शकत नाही, पण शरीराला शत्रूची ओळख करून देतो. दुसरा मार्ग चांगल्या जंतूंचा. फिनलंडमध्ये नुर्मी आणि रांटाला यांनी १९७३ साली दाखवले, की निरोगी प्रौढ कोंबडीच्या आतड्यातील जंतू नवजात पिल्लांना दिले तर साल्मोनेलाला त्यांच्या आतड्यात जागा मिळत नाही. आजची प्रोबायोटिक द्रव्ये याच विचारावर उभी आहेत. मात्र लस काय किंवा प्रोबायोटिक काय, ओल्या गादीची भरपाई कोणीच करू शकत नाही.

रोजची कामे

१) गादी रोज हलवावी, ओला भाग लगेच काढावा. गळके ड्रिंकर त्याच दिवशी दुरुस्त करावेत.

२) थंडीतही पडदे वरून थोडे उघडे ठेवावेत. ऊब हवी, कोंडलेली हवा नको.

३) पाण्यात क्लोरीन वापरावे. टाकीपाशी न पाहता शेवटच्या ड्रिंकरपाशी मोजावे. तिथे ते दहा लाखांत दोन ते तीन भाग भरले पाहिजे. पाण्यातून लस देण्याच्या दिवशी मात्र क्लोरीन बंद ठेवावे.

४) राणीखेत व गंबोरोच्या लसी वेळेवर, थंड साखळी सांभाळून द्याव्यात.

५) बॅच गेल्यावर जुनी गादी शेडजवळ ढीग करून ठेवू नये. धुऊन, निर्जंतुक करून शेड काही दिवस रिकामे ठेवावे.

चिकन सेंटरवाल्या बंधूंसाठी

साफ करताना आतडे फुटले की त्यातील सर्व प्रकारचे ई-कोलाय मांसावर येतात. त्यांत घातक कोणता, हे सुरी सांगत नाही. आतडे न फाडता काढावे, आतडी काढण्याचा ओटा व सुरी वेगळी ठेवावी, आणि एकाच बादलीच्या पाण्यात दिवसभर मांस धुऊ नये. फ्रिजमध्ये जंतू मरत नाही, त्याची वाढ मंदावते. शिजताना मांस आतपर्यंत ७४ अंश तापले की तो मरतो. हात धुतल्याशिवाय पैसे घेऊ नयेत.

यकृतावर पापुद्रा किंवा पिवळट थर दिसला तर तो पक्षी बाजूला काढावा आणि माल देणाऱ्याला कळवावे. वाहतुकीत मेलेला पक्षी मुर्दारच आहे. तो गिऱ्हाइकाला द्यायचा नाही, हे आपल्याला वेगळे सांगण्याची गरज नाही. दुकानदाराने दिलेली खबर शेडवाल्यालाही उपयोगी पडते. पुढच्या गाडीतील पक्षी आजारी निघण्याआधी त्याला शेडची हवा, पाणी आणि लसीकरण तपासता येते.